एका इमारतीत किती शाळा? मुंबईतील जुन्या पालिका शाळांच्या नूतनीकरणाची पार्श्वभूमी

लालबाग, परळ, भायखळा, दादर, माहीम या पट्ट्यातील पालिका शाळांच्या जुन्या इमारती नीट दुरुस्त कराव्यात आणि त्यांत कलाशिक्षणाची व द्विभाषिक अध्यापनाची सोय करावी, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. तिच्यावरची चर्चा मात्र रंगकाम, लिफ्ट आणि डिजिटल फळा यांच्याभोवतीच घुटमळते. इमारतीत रिकाम्या खोल्या आल्या कुठून आणि ‘द्विभाषिक’ या शब्दाने नेमके काय सुचवले जाते, हे दोन प्रश्न बाजूलाच राहतात. त्यांची उत्तरे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आहेत, तरी सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे यावरचा मुंबईतला पहिला मोठा वाद १८४७ च्या सुमाराचा आहे. शिक्षण मंडळाचे इंग्रज अध्यक्ष उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा आग्रह धरून होते, तर मंडळातील एतद्देशीय सदस्य आणि एक इंग्रज लष्करी अधिकारी देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. १८५४ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिक्षणविषयक खलित्याने दोन्ही भाषांना जागा दिली आणि त्या तडजोडीतून ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर’ शाळा रुजल्या. मूल मराठी चार इयत्ता शिकून मग ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिक होई. आजोबा ‘मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलो’ असे सांगत, तेव्हा ते नववीपर्यंत शिकलेले असत. दोन भाषांची विभागणी त्या काळी इयत्तांनुसार होती, हे पुढच्या गोंधळाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८८८ च्या पालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे कर्तव्य ठरले आणि १९२० मध्ये शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा आला. दरम्यान १८९६ च्या प्लेगने शहराला हवा आणि उजेड यांची किंमत शिकवली होती. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली, रुंद रस्ते आखले गेले आणि नव्या वसाहतींत शाळांसाठी भूखंड राखले गेले. या पिढीच्या शाळा ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, उंच छत, एका बाजूने धावणारा रुंद व्हरांडा, दारांवरच्या झडपा, वापरून मधोमध खोलगट झालेल्या जिन्याच्या पायऱ्या आणि काही ठिकाणी दोन वर्गांच्या मधले घडीचे लाकडी पार्टिशन, जे सरकवले की दोन वर्गांचे सभागृह होते. स्नेहसंमेलन, बालसभा, कवायत हे सारे याच जागेत चाले. कलेसाठी वेगळी खोली तेव्हाही नव्हती, पण कलेला जागा नव्हती असे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले, पुढे ती पाचवीवर आली आणि २००० मध्ये पहिलीवर. प्रत्येक पाऊल त्या-त्या वेळी गाजले. त्यांपैकी २००० च्या निर्णयात मात्र एक गोष्ट स्पष्ट होती, जी नंतर धूसर झाली: इंग्रजी हा एक विषय म्हणून यायचा होता आणि माध्यम मराठीच राहणार होते.

येथून ‘सेमी इंग्रजी’ हा शब्द समजून घेणे भाग पडते. मराठी शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून, असा हा प्रकार आहे. तो आधी आठवीपासून, मग पाचवीपासून आणि पुढे अनेक ठिकाणी पहिलीपासून सुरू झाला. पटसंख्या टिकवण्यासाठी शाळांनी तो स्वीकारला, हे उघड गुपित आहे आणि त्यासाठी शाळांना दोष देता येत नाही. सेमीची विभागणी विषयांनुसार आहे: या तासाला इंग्रजी, त्या तासाला मराठी. वर्गात मात्र ती तशी चालत नाही. ‘डिनॉमिनेटर सेम आहे ना, मग फक्त न्यूमरेटरची बेरीज करायची’ असे वाक्य अशा वर्गात दिवसाला कितीदा कानावर येईल याची मोजदाद नाही. ‘छेद’ आणि ‘अंश’ हे दोन सुटसुटीत शब्द मुलाला ठाऊकच होत नाहीत आणि इंग्रजी वाक्य पूर्ण करण्याची वेळही त्याच्यावर येत नाही. पुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण मराठी आणि उत्तरपत्रिका पाठ केलेली, अशी ती तीन पायांची शर्यत होते.

राज्याच्या शाळांत ‘द्विभाषिक’ हा शब्द अधिकृतपणे पुढे आला तो २०२१-२२ मध्ये, ४८८ आदर्श शाळांच्या पहिलीच्या वर्गांसाठी एकात्मिक आणि द्विभाषिक पाठ्यपुस्तक आले तेव्हा. त्यात विषय एकत्र गुंफलेले होते आणि मराठी मजकुराबरोबर इंग्रजी शब्द आणि वाक्ये होती. म्हणजे विभागणी ना इयत्तांची, ना विषयांची, तर एकाच पानावरची. त्याआधीच्या, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हाच शब्द आणखी एका अर्थाने येतो. तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे सुचवले आहे, ज्या मुलांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे त्यांच्यासाठी शिक्षकाने दोन्ही भाषा वापराव्यात असे म्हटले आहे, आणि विज्ञान-गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक पुस्तकांची अपेक्षा ठेवली आहे. या अर्थाने पाहिले तर परळच्या मराठी शाळेत बसलेले भोजपुरी घरातले मूल हे द्विभाषिक अध्यापनाचे पहिले हक्कदार ठरते. त्याच्यासाठीची दुसरी भाषा इंग्रजी नाही.

जाहिरातींत आणि सभांत ‘द्विभाषिक शाळा’ म्हटले की पालकांना सेमी ऐकू येते, अधिकाऱ्यांना ते पाठ्यपुस्तक आठवते आणि भाषेच्या कार्यकर्त्यांना इंग्रजीच्या चोरपावलांची शंका येते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघून २९ जूनला मागे घेतला गेला, तेव्हापासून तर ‘भाषा वाढवणे’ या शब्दप्रयोगाकडेच संशयाने पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाला ही शंका अनाठायी वाटत नाही. जो शब्द तीन जणांना तीन अर्थांनी ऐकू येतो, त्याच्या आधारावर खोल्यांचे वाटप करणे धोक्याचे असते. भाषाकोपरा, वाचनकट्टा की इंग्रजीची प्रयोगशाळा, हे त्या अर्थावरच ठरते.

गंमत अशी की पालिकेच्या इमारती मुळातच बहुभाषिक आहेत. पालिका आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावर मराठी शाळा क्रमांक एक, दुसऱ्यावर उर्दू शाळा क्रमांक दोन, दुपार अधिवेशनाला, म्हणजे दुपारच्या सत्रात, आणखी तिसरी शाळा, हे चित्र कोणाला नवे नाही. सकाळी दोन वेगळ्या प्रार्थना व्हरांड्यात एकमेकींत मिसळतात. मुख्याध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळे, पाण्याची टाकी एकच. इतक्या भाषा एका जिन्यावरून चढत-उतरत असूनही या इमारतींना कोणी कधी द्विभाषिक म्हटले नाही, कारण कागदोपत्री त्या वेगवेगळ्या शाळा आहेत.

या शाळा रिकाम्या होण्याची सुरुवात मात्र भाषेने झाली नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, आणि पुढच्या दोन दशकांत गिरणगावातली कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरच्या दिशेने सरकली. जी उरली त्यांची पुढची पिढी खासगी इंग्रजी शाळांत गेली. दोन अधिवेशनांत भरणारी शाळा एका अधिवेशनावर आली, चार तुकड्यांची एक झाली. मोकळ्या खोल्यांत मोडकी बाके, मतदानाचे साहित्य, कुठे एखादे कार्यालय येऊन बसले. कलेसाठी आज ज्या खोल्या मागितल्या जातात, त्या या स्थलांतराने मोकळ्या केलेल्या आहेत.

त्या खोल्यांवर दुसराही दावा आहे. २०२० मध्ये पालिकेने जोगेश्वरीत एक सीबीएसई आणि माहीममध्ये एक आयसीएसई मंडळाची शाळा सुरू केली, पुढे अशा शाळांची संख्या वाढवली आणि सगळ्याच पालिका शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे एकच नाव दिले. या नव्या शाळांच्या प्रवेशासाठी अर्जांची गर्दी झाली, ही वस्तुस्थिती आहे. पालिकेच्या शाळेसाठी पालक सोडतीची वाट पाहतात, हे दृश्य एरवी कल्पनेतही आले नसते. परंतु नूतनीकरण झालेला मजला कोणत्या माध्यमाला मिळतो, हा प्रश्न त्या गर्दीत विरून जातो. इमारत सुधारल्यावर मराठी वर्ग तिथेच वाढला की शेजारच्या शाळेत हलवला गेला, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागेल.

हलवण्याला शिक्षण खात्याच्या भाषेत ‘समायोजन’ म्हणतात आणि त्याची सुरुवात बहुतेकदा संरचनात्मक तपासणीने होते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी पालिका कायद्यानुसार बंधनकारक आहे. अहवालात इमारतीला एक श्रेणी मिळते. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावी अशी; ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती लागणारी; ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी; आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ कामाची. दगड-चुन्याच्या जुन्या बांधकामात ‘सी-१’ आणि ‘सी-२ए’ यांच्यामधली रेषा तपासणाऱ्याच्या निर्णयावर बरीच अवलंबून असते. काँक्रीटच्या इमारतीसाठी बसवलेले निकष इमारतीचा भार पेलणाऱ्या जाड भिंतीला लावले, तर तिचे बळ कागदावर दिसतच नाही. म्हणूनच अलीकडे मुंबईत जुन्या मराठी शाळांच्या बाबतीत दुसऱ्या, स्वतंत्र तपासणीची मागणी होऊ लागली आहे. मुलांच्या डोक्यावर छत पडू नये याबद्दल कोणाचेच दुमत नाही. पण ‘सी-१’ शिक्का बसला की शाळा त्याच महिन्यात विखुरते, नवी इमारत उभी राहायला वर्षे लागतात, आणि तोवर पहिलीतले मूल पाचवीत पोचलेले असते.

कलेच्या बाजूचा इतिहास त्या मानाने छोटा आणि उदासवाणा आहे. मुंबईत कलाशाळा १८५७ पासून आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून दिल्या जातात, आणि इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७, बी ग्रेडला ५ आणि सी ग्रेडला ३ वाढीव गुण मिळू लागल्यापासून त्या परीक्षांना बसणाऱ्यांचा उत्साह वेगळाच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील, तर कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. त्याच परिशिष्टात इमारतीसाठी वर्गखोली, स्वच्छतागृह, पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण येते. चित्रकलेची किंवा संगीताची खोली येत नाही. कायद्यात जी खोली नाही, ती अंदाजपत्रकात येताना अडखळते.

मध्य मुंबईतील अशा एका इमारतीत चित्रकलेची तासिका पाहिली, तेव्हा मुले व्हरांड्याच्या टोकाच्या नळावरून प्लॅस्टिकच्या डब्यांत पाणी आणत होती आणि परत येईपर्यंत अर्धे पाणी फरशीवर सांडत होते. चाळीस मिनिटांतली दहा त्यातच गेली. वर्गातच एक उथळ मोरी आणि उत्तरेच्या बाजूचा स्थिर उजेड, एवढ्यावर ती तासिका बदलली असती. त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर आधीच्या दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा चढवलेला होता. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंट तो कोंडते. आतला ओलावा बाहेर पडेना म्हणून गिलाव्याचे पोपडे सुटले होते आणि त्यांवर पुन्हा रंग लावलेला होता.

भाषेच्या तासाचा प्रश्न याहून कमी दिसणारा आहे. उंच छत, कडक फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे या खोल्यांत आवाज घुमतो. ओळखीच्या भाषेत कान गाळलेले अक्षर भरून काढतात. नव्या भाषेत ते जमत नाही, आणि ‘स’ की ‘फ’ हे मागच्या बाकावर कळेनासे होते. शेजारच्या वर्गात तबला चालू असेल तर विचारायलाच नको. घडीचे लाकडी पार्टिशन काढून पक्की भिंत घातली तर आवाज थांबेल, पण सभागृह जाईल. पार्टिशन ठेवून त्याच्या फटी बुजवल्या, छताखाली आवाज शोषणारे तक्ते लावले आणि संगीताचा वर्ग दुसऱ्या टोकाला नेला, तर दोन्ही साधते. हे काम स्वस्त आहे, पण ते निविदेतल्या ‘रंगरंगोटी व इतर किरकोळ कामे’ या ओळीत बसत नाही. आराखड्यात अशी खोली ‘बहुउद्देशीय कक्ष’ म्हणून दाखवली, तर तिला मोरी मिळत नाही आणि छताला तक्तेही मिळत नाहीत.