कुरळ्या केसांची निगा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे कुरळे केस कापून घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकास हे पत्रक देण्यात येते. खुर्चीवरून उठताना सुरेख दिसणाऱ्या बटा पुढच्या न्हाण्यानंतर घरी तशाच का बसत नाहीत, हा प्रश्न आम्हांला सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सहसा बाटलीत नसते. केस ओले केल्यापासून ते पूर्ण वाळेपर्यंत त्यांना कसे हाताळले गेले, यावर कुरळ्या केसांचे रूप बहुतांशी ठरते. म्हणूनच, आम्ही काही उत्पादने विकत असलो तरी, या पत्रकात हाताळणीवर अधिक भर दिला आहे.

केस कुरळे का असतात

केस डोक्याच्या त्वचेतील ज्या खळग्यातून, म्हणजे रोमकूपातून, उगवतो तो खळगा वाकडा असला की केस वळतच बाहेर येतो आणि त्याचा छेद गोल न राहता लंबगोल होतो. ही ठेवण मुख्यतः आनुवंशिक असते. वयात येताना, गरोदरपणात किंवा काही औषधोपचारांनंतर ती बदललेली दिसू शकते; मात्र कोणतेही तेल किंवा शाम्पू सरळ केस कुरळे करू शकत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातींकडे आपण खुशाल दुर्लक्ष करावे.

त्वचेतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मुळे तेलकट आणि टोके कोरडी ही कुरळ्या केसांची नेहमीची तक्रार असते. कोरडी टोके एकमेकांत अडकतात, गुंता होतो, आणि तो कंगव्याने ओढून काढताना केस तुटतात.

पाण्याचा यात काय संबंध आहे, हे समजून घेतल्यास पुढील सर्व सूचनांचे कारण लक्षात येईल. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्यातील साखळ्यांना मुख्यतः दोन प्रकारचे बंध धरून ठेवतात. डायसल्फाइड बंध पाण्याला दाद देत नाहीत. ते तोडायला रसायने लागतात. हायड्रोजन बंध मात्र केस भिजताच सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, आणि जुळताना केस ज्या स्थितीत असेल तीच स्थिती पुढच्या न्हाण्यापर्यंत बऱ्याच अंशी टिकते. सकाळी ओल्या केसांना रबरबँड लावून घराबाहेर पडलेल्या व्यक्तीच्या केसांवर संध्याकाळी जी आडवी खाच दिसते, ती याच बंधांमुळे.

समाजमाध्यमांवर केसांना आकडे देण्याची पद्धत आहे. आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकाराच्या वर्गवारीनुसार १ म्हणजे सरळ, २ म्हणजे लहरी, ३ म्हणजे कुरळे आणि ४ म्हणजे अतिशय घट्ट वळणांचे केस. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे केस दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटात बसतात, आणि मानेजवळ घट्ट वेटोळी तर डोक्यावर नुसती लहर, असे दोन प्रकार एकाच डोक्यावर सर्रास आढळतात. आपला आकडा कोणता यावर वेळ घालवू नये. केस जाड आहे की बारीक, आणि त्यावर पूर्वी रंग किंवा स्ट्रेटनिंग झाले आहे का, हे आम्हांला अधिक उपयोगी पडते.

धुणे

आठवड्यातून एक किंवा दोन वेळा केस धुणे बहुतेकांना पुरते. रोज व्यायाम करणाऱ्यांनी किंवा धुळीतून दुचाकीवर फिरणाऱ्यांनी एखादा दिवस वाढवावा. शाम्पू केवळ डोक्याच्या त्वचेला बोटांच्या पेरांनी चोळावा. केसांच्या लांबीला खाली उतरणारा फेस पुरेसा असतो. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि निम्मा गुंता तिथेच तयार होतो.

सल्फेट असलेला शाम्पू म्हणजे विष, असे अनेकदा ऐकू येते, पण ते खरे नव्हे. सोडियम लॉरिल सल्फेटसारखे घटक तेल फार जोमाने काढतात, म्हणून कोरड्या केसांना नेहमीसाठी कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड असलेला सौम्य शाम्पू बरा पडतो. परंतु आदल्या रात्री भरपूर तेल लावले असेल, तर सौम्य शाम्पूने ते निघत नाही आणि बटा चिकट होऊन लोंबतात. डायमेथिकोनसारखी सिलिकोने, म्हणजे कंडिशनर-सीरममधले केसांवर गुळगुळीत थर देणारे घटक, पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे ती वापरणाऱ्यांनीही महिन्यातून एक-दोनदा जोरदार शाम्पूने केस स्वच्छ करावेत. अंगाचा साबण मात्र केसांना लावूच नये.

पुणे परिसरातील वाघोली, उंड्री, हिंजवडी अशा भागांतील ज्या सोसायट्यांना बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते, तेथील ग्राहकांचे केस बरेचदा निस्तेज आणि हाताला खरखरीत लागतात. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात आणि त्यावर कंडिशनर नीट काम करीत नाही. बादलीच्या तळाशी किंवा नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल, तर आपले पाणी जड आहे असे समजावे. अशा घरी ईडीटीए हा क्षार धरून ठेवणारा घटक असलेला शाम्पू अधूनमधून वापरावा आणि शक्य असल्यास शेवटचे एक-दोन तांबे आरओ यंत्रातून आलेल्या पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत.

शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन हा फेस करणारा नैसर्गिक घटक असतो आणि त्यांनी केस स्वच्छ होतात, याविषयी दुमत नाही. अडचण चूर्णाची आहे. सरळ केसांतून धुऊन जाणारे शिकेकाईचे कण कुरळ्या केसांत अडकून बसतात आणि ते काढण्यासाठी केस पुन्हा चोळावे लागतात. शिकेकाई वापरायची असल्यास ती उकळून, पंचातून गाळून तिचे पाणीच वापरावे.

गुंता सोडवण्याची वेळ एकच : कंडिशनर लावलेले, निथळते ओले केस. प्रथम बोटांनी आणि नंतर मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जावे. त्यानंतर पुढच्या न्हाण्यापर्यंत केसांत कंगवा घालू नये. ही सूचना ऐकून ज्येष्ठ ग्राहक दचकतात, पण वाळलेल्या कुरळ्या केसांतून फणी फिरवली की एकत्र बांधलेली बट सुटी होऊन केस पिंजारतात, आणि लोक ज्याला ‘झाडूसारखे केस’ म्हणतात ते तयार होतात.

आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्यांना त्या दिवशी हातात केसांचा मोठा गुच्छ आलेला पाहून धास्ती वाटते. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. सरळ केसांतले गळलेले केस रोज फरशीवर आणि कंगव्यात दिसतात, तर कुरळ्या केसांतले वळणांत अडकून राहतात आणि आठवड्याचा हिशेब एकदम हातात येतो.

तेल

मॅरिको कंपनीच्या मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना करण्यात आली, आणि केसातील प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी झाल्याचे आढळले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनही त्यातील कारणमीमांसा पटण्यासारखी आहे : खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात आणि केस धुताना पाण्याने फार फुगत नाही. म्हणून खोबरेल न्हाण्याच्या तासभर आधी, कोरड्या केसांच्या लांबीला लावावे. कोंडा असल्यास डोक्याच्या त्वचेवर रात्रभर तेल ठेवू नये. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलकट पदार्थांवरच पोसली जाते.

घरगुती लेपांपैकी अंडे आम्ही सुचवत नाही. त्यातील प्रथिनाचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात, आणि गरम पाण्याने डोके धुतल्यास अंडे केसांतच शिजते. केळ्याचे तंतूही गाळून न घेतल्यास दोन दिवस निघत राहतात. खाण्याच्या सोड्यापासून तर पूर्ण दूर राहावे, कारण त्याच्या अल्कधर्मी गुणाने केसांवरचे खवले उघडतात.

वाळवणे आणि बटा बसवणे

पत्रकाचा हा भाग आपण कृपया दोनदा वाचावा.

शेवटचे पाणी घेतल्यावर केस पुसू नयेत. केसांतून पाणी टपकत असतानाच मान खाली घालून लीव्ह-इन क्रीम (न धुता केसांतच ठेवायचे क्रीम) तळहातांवर पसरून लांबीला लावावे, त्यावर जेल घ्यावे, आणि मग टोकांकडून केस तळहातात उचलून मुळाच्या दिशेने मुठीत दाबावेत. दाबताना ‘पचपच’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर केसांत पाणी कमी आहे, उत्पादन कमी आहे असे नव्हे. अशा वेळी ओंजळभर पाणी घेऊन पुन्हा दाबावे. हे ठीक झाले की बटा आपोआप गुच्छांत एकत्र येतात आणि त्यानंतर त्यांना वेगळे करण्याचा मोह टाळावा.

जादा पाणी टिपण्यासाठी जाड टर्किश टॉवेल नको, कारण त्याचे धागे केसांना ओढतात. घरातला जुना, धुऊन मऊ झालेला पंचा याहून चांगला. पंचा पलंगावर पसरून त्यावर केस वरून सोडावेत, दोन टोके मानेमागे व दोन कपाळावर बांधावीत आणि १५ ते २० मिनिटांनी सोडावीत. त्यानंतर केस पंख्याखाली वाळू द्यावेत किंवा डिफ्यूझर (वारा पसरवणारी, ड्रायरच्या तोंडाला बसवायची वाटी) लावलेला ड्रायर मंद उष्णतेवर वापरावा. डिफ्यूझरच्या वाटीत बट ठेवून ड्रायर स्थिर धरावा. तो केसांवर फिरवत राहिल्यास गुच्छ फुटतात. केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये, आणि निम्म्याहून अधिक ग्राहकांचे गणित येथेच चुकते.

वाळलेल्या केसांवर जेलचे कडक कवच जाणवेल. ते तसेच हवे असते. खोबरेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून केस मुठीत हलके चुरगाळले की कवच मोडते आणि खाली मऊ, एकसंध बट राहते.

जेल विकत घेण्याची गरज नाही. चटणीसाठी घरात असलेले जवस यासाठी उत्तम आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ढवळत उकळावे. साधारण आठ-दहा मिनिटांत पाणी दाट होऊ लागते आणि चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरते. त्या क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळावे. गार होण्याची वाट पाहिली, तर ते कापडातून उतरत नाही. हे जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. वास बदलल्यास टाकून द्यावे.

ऋतू, स्कार्फ आणि उशी

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई व कोकणात, हवेतील ओलावा केसात शिरून हायड्रोजन बंध पुन्हा पुन्हा सोडवतो, म्हणून सकाळी बसवलेले केस दुपारी फुलतात. या दिवसांत घटकांच्या यादीच्या सुरुवातीला ग्लिसरीन असलेली उत्पादने टाळावीत, कारण ग्लिसरीन ओलावा ओढून घेते. जेल मात्र थोडे अधिक घ्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यातही हेच ग्लिसरीन नको असते, कारण हवेत ओलावा नसला की ते केसातलेच पाणी ओढू शकते.

दुचाकीवर तोंडाला बांधायचा सुती स्कार्फ आणि हेल्मेटचे अस्तर यांनी केस दिवसभर घासले जातात. आतून सॅटिनची पातळ टोपी किंवा रुमाल घ्यावा. उशीलाही सॅटिनचा अभ्रा घालून, झोपताना केस डोक्याच्या वरच्या भागी सैल बांधावेत. घट्ट बांधू नयेत. रोज ताणून बांधलेल्या केसांमुळे कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात, आणि शाळेसाठी दोन घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींच्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. लहान मुलीचे केस रोज सकाळी कोरडे विंचरण्याऐवजी फवाऱ्याच्या बाटलीने ओलसर करून, थोडे कंडिशनर लावून बोटांनी मोकळे केल्यास रडारडही वाचते.

स्ट्रेटनिंगविषयी

कायमस्वरूपी स्ट्रेटनिंग डायसल्फाइड बंध तोडते. त्यामुळे तेवढ्या केसाचे कुरळेपण परत येत नाही. काही ‘केरॅटिन’ उपचारांतून तापवताना फॉर्माल्डिहाइडचा धूर निघतो आणि तो डोळे व घसा यांना झोंबतो. आम्ही ते करीत नाही. पूर्वी स्ट्रेटनिंग केलेल्या ग्राहकांनी हे ध्यानात घ्यावे की केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्यापर्यंतचे मूळचे केस परत यायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. घरी इस्त्री वापरायची असल्यास केस पूर्ण कोरडे असावेत, कारण ओल्या केसातले पाणी उकळून आत बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो.

पुढच्या भेटीपूर्वी

आम्ही कुरळे केस कोरडे असतानाच कापतो, कारण ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर तो किती आखडेल हे बटेगणिक बदलते. म्हणून येताना केस आदल्या दिवशी धुतलेले, विना तेलाचे, मोकळे आणि न विंचरलेले असावेत. आपण घरी वापरत असलेल्या बाटल्यांच्या मागील घटकांच्या यादीचे छायाचित्र आणल्यास नवे काही घेण्याची गरज आहे का, हे तिथेच सांगता येईल, बहुतेकदा नसते. डोक्यावर चट्टे, सततची खाज, पू किंवा गोलाकार टक्कल आढळल्यास आमच्याकडे येण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी आम्ही केस कापण्याची वेळ पुढे ढकलतो आणि त्यासाठी कोणतेही शुल्क आकारीत नाही.