टेट्राड

प्राचीन ग्रीक मल्लांच्या सरावातील चार दिवसांचे ठरीव व्यायामचक्र. मेहनत आणि विसावा यांचा क्रम आधीच आखून ठेवणारी ही पद्धत रोमन साम्राज्यकाळात रूढ होती. तिचे मुख्य वर्णन ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस (सु. १७०–सु. २५०) याच्या व्यायामविषयक ग्रंथात येते. हा ग्रंथ सामान्यतः इ. स. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात.

पहिल्या दिवशी थोडा पण चपळ व्यायाम करून अंग तयार करीत. दुसऱ्या दिवशी ताकदीचा पुरता कस लागे. तिसरा दिवस हलका. चौथ्या दिवशी मध्यम मेहनत. त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या पकडीतून सुटणे आणि त्याला सुटू न देणे यांवर भर असे.

पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. ती अभिजात काळापर्यंत (इ. स. पू. पाचवे–चौथे शतक) मागे नेण्याचा मोह होतो. पण त्या काळातील तपशीलवार वर्णन मिळत नाही. गेलेन (१२९–सु. २१६) हा वैद्य थिऑन या अलेक्झांड्रियाच्या व्यायामशिक्षकाची मते देऊन त्यांची चर्चा करतो. यावरून व्यायामाचे प्रकार पाडण्याची शास्त्रीय चर्चा तोवर बरीच पुढे गेली होती, एवढेच म्हणता येते. मेहनतीनंतर तेलाची मालिश, संथ हालचाली व श्वासरोध करून थकवा घालवण्याचा विधीही गेलेनने सांगितला आहे. तो टेट्राडच्या तिसऱ्या दिवसाशी जोडणे मात्र घाईचे ठरेल.

फिलोस्ट्रेटस स्वतः या चक्राच्या विरोधात होता. त्यासाठी तो एक हकीकत देतो. इजिप्तमधील नॉक्रॅटिस या ग्रीक नगराचा मल्ल गेरेनोस ऑलिंपियात जिंकला, मित्रांसोबत खाणेपिणे, जागरण झाले. पुढच्या दिवशी त्याने अंग ठीक नसल्याचे वस्तादाला सांगितले. चक्र मोडले म्हणून वस्ताद संतापला आणि त्याने मेहनत करायला लावली. त्यातच गेरेनोस मेला. फिलोस्ट्रेटसला जुन्या वस्तादांचे कौतुक फार, म्हणून ही हकीकत जपून वाचावी. तरीही त्याचा आक्षेप विसाव्याला नाही, मल्लाची त्या दिवसाची प्रकृती न पाहता दिवस मोजण्याला आहे.

शरीर ताणाला कसे तोंड देते याविषयीची वैद्यकसंशोधक हान्स सेल्ये यांची मांडणी (१९३६) आणि क्रीडाशास्त्रज्ञ मात्वेयेव्ह यांचे १९६० च्या दशकातील, मेहनत-विसाव्याचे टप्पे आखणारे सोव्हिएत प्रशिक्षण-नियोजन यांचे मूळ टेट्राडमध्ये शोधले जाते. साम्य उघड आहे. प्रत्यक्ष परंपरेचा दुवा दिसत नाही. शिवाय फिलोस्ट्रेटसच्या ग्रंथाचे जवळजवळ पूर्ण हस्तलिखितच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उजेडात आले.