मोफत ऑनलाइन कोर्स : नोंदणी लाखांची, निकाल हजारांचा

सातारा-सांगलीच्या कॉलेजांत जानेवारी आणि जुलै आला की ‘स्वयम्’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मोफत ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलवरच्या नोंदणीची गडबड सुरू होते. या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. 2001 मध्ये तिथल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) आपले अभ्याससाहित्य इंटरनेटवर खुले करायचे ठरवले. ते कोणीही वाचावे. शिक्षक, परीक्षा, प्रमाणपत्र मात्र नाही. 2008 मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या एका कोर्सला फी भरणारे पंचवीसेक होते आणि बाहेरून फुकट बसलेले सुमारे 2,200. तिथेच ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांना खुला, मोठ्या संख्येसाठीचा ऑनलाइन कोर्स) हे नाव पडले.

खरा गाजावाजा 2012 चा. कोर्सेरा आणि एडएक्स हे असे कोर्स देणारे मंच त्याच वर्षी आले. एडएक्सच्या पहिल्या, सर्किट्सच्या कोर्सला सुमारे 1,55,000 जणांनी नाव घातले; उत्तीर्ण झाले 7,157, म्हणजे पाच टक्केही नाहीत. अर्थात नाव घालायला काही लागत नाही आणि एखादाच धडा हवा असणाऱ्याला नापास म्हणणे अन्यायाचे आहे. पण 2013 मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे विद्यापीठाने असे वर्ग नियमित श्रेयांकांसाठी (क्रेडिटसाठी) लावले, तेव्हाही निकाल इतके पडले की प्रयोग थांबवावा लागला. पुढे प्रमाणपत्राला पैसे पडू लागले.

आपल्याकडे आयआयटींचे एनपीटेल (व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम, ज्याचे कोर्स आता ‘स्वयम्’वरच चालतात) 2003 पासून, प्रमाणपत्रे 2014 पासून, आणि ‘स्वयम्’ 2017 पासून. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) आधी 20 आणि 2021 मध्ये 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम यातून घ्यायला मुभा दिली.

नुसते शिकवणे फुकट करून भागत नाही, हे साताऱ्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पण भर दिला वसतिगृहांवर आणि ‘कमवा व शिका’वर. मुलाच्या जेवणाची, राहण्याची सोय नसेल तर माफ केलेली फी त्याच्या काय कामाची? ऑनलाइन कोर्सने नेमकी हीच बाजू मोकळी सोडली. माण-खटाव किंवा जतच्या मुलाला व्हिडिओ मिळतो. अडल्यावर विचारायला माणूस मिळत नाही, आणि व्याख्यान बहुतेक इंग्रजीत असते.

एनपीटेलमध्ये गळती कुठे होते तेही ठरलेले आहे. कोर्सला नोंदणी मोफत, पण परीक्षेचा अर्ज वेगळा आणि त्याला फी. कित्येक जण नोंदणीलाच परीक्षेचा अर्ज समजतात. गुणांत 25 टक्के वाटा स्वाध्यायांचा, 75 टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचा. दोन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागते: 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30. बारा आठवड्यांच्या कोर्सात उत्तम आठ स्वाध्याय धरतात, त्यामुळे चार हुकले तरी चालते. पाचव्यापासून सरासरी खाली येते, कारण मुदत उलटल्यावर तो स्वाध्याय स्वीकारत नाहीत. परीक्षा केंद्र तालुक्याच्या गावी मिळेल असे धरू नये. एसटीचा वेळ आणि भाडे आधीच जमेस धरावे. अर्जातले नाव ओळखपत्रावर आहे तसेच, त्याच क्रमाने टाकावे.