ॲटली आणि वॉशिंग्टन: जागेवरून पडलेली दोन तऱ्हांची आडनावं

इंग्रजी आडनाव जागेवरून आलंय म्हटलं की आपण लगेच म्हणतो, 'म्हणजे आपल्या नाशिककर-सातारकरसारखं.' न्यूटन, वॉशिंग्टनपुरतं ते ठीक. ॲटली, वुड, हिल यांना मात्र ते लागू पडत नाही.

ॲटली घ्या. भारत स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान क्लेमेंट ॲटली होते. त्यांच्या आडनावात अख्खा पत्ता आहे: 'ॲट ली'. 'ली' म्हणजे रानातली मोकळी जागा. गावात तीन जॉन असले तर कुठला जॉन? रानातल्या मोकळ्या जागेपाशी राहतो तो. नॅश तर मला फारच आवडतं. मूळ शब्द 'ॲटन ॲश', म्हणजे ॲशच्या झाडापाशी राहणारा. बोलता बोलता 'ॲटन'मधला 'न' झाडाला चिकटला, मागचं 'ॲट' गळून पडलं, उरलं नॅश. ओकच्या झाडांवरून नोक्स झालं तेही असंच. वुड आणि हिलमधलं 'ॲट' तर मागमूस न ठेवता गेलं. ही नावं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेली, गावातल्या गावात कामाची.

न्यूटनचं उलटं. न्यूटन म्हणजे 'नवं गाव'. त्या गावात राहणाऱ्याला न्यूटन म्हणून काय उपयोग, तिथे सगळेच न्यूटनचे! गाव सोडलं की मगच ते नाव चिकटतं. नाशिककर पुण्यात शोभतो, तसंच. पण इंग्लंडात न्यूटन नावाची गावं ढिगाने आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून नेमकं गाव सापडत नाही.

वॉशिंग्टनची गोष्ट आणखी निराळी. बाराव्या शतकात विल्यम दे हर्टबर्न या सरदाराने आपली हर्टबर्नची जहागीर देऊन डरहॅम परगण्यातली वेसिंग्टनची घेतली आणि नावही बदलून 'दे वेसिंग्टन' केलं. म्हणजे इथे नाव गाव सोडल्यावर नाही, गाव हाती आल्यावर पडलं. त्याच घराण्यातला जॉन वॉशिंग्टन १६५६च्या सुमारास व्हर्जिनियाला गेला. त्याचा पणतू जॉर्ज.

ली आणि फोर्ड (म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार) ही आडनावं मात्र दोन्हीकडची निघू शकतात, कारण ली आणि फोर्ड नावाची गावंही आहेत. घराण्याच्या चौदाव्या शतकातल्या एखाद्या करनोंदीत नावामागे 'ॲटे' ('ॲट द'चं जुनं रूप) लिहिलेलं सापडलं, तर तो पूर्वज त्या जागेपाशीच राहणारा होता असं समजावं.