रिव्हर्समध्ये चढलेली गाडी

२०२२च्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस आली आणि तिची पुढची चाकं गाडी ओढतात म्हटल्यावर अनेकांनी नाक मुरडलं. २००५ची मूळ इनोव्हा आणि २०१६ची क्रिस्टा या दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. ‘मागून ढकलणारी गाडीच घाट चढते, पुढून ओढणारी अडकते’ हे मी लग्नाच्या मांडवापासून टॅक्सी स्टँडपर्यंत सगळीकडे ऐकलंय. ते पूर्ण खरं नाही, पण त्यातलं खरं फार सुंदर आहे.

इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडीला पुढे लोटतो तो रस्ता, आणि तोही प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या भागातून. हा जोर किती मिळणार ते घर्षणांक (टायर आणि रस्ता यांच्यातली पकड सांगणारा आकडा) आणि त्या चाकावरचं वजन यांवर ठरतं. म्हणून नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्यापेक्षा टायर गोटा झालाय का ते दर महिन्याला बघा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचाच. अपघात टळतो तो त्या नक्षीने.

आता रिकामी गाडी घ्या. पुढून ओढणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढच्याच चाकांवर बसलेले, म्हणजे साधारण ६० टक्के वजन तिथे. रिकामी असताना चिखलात हीच सरस. याउलट मारुती ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे रिकामी ओम्नी पावसाळ्यात मागून घसरायची.

पण फॅमिली व्हॅन रिकामी धावते कधी? सात माणसं आणि डिकीत बॅगा भरल्या की मागच्या चाकामागचं सामान तरफेसारखं पुढचा भाग उचलू बघतं.

सोपे आकडे घेऊन हिशोब करू. भरलेली गाडी १८०० किलो: पुढे ८५०, मागे ९५०. पाच मीटर चाललं की एक मीटर वर जाणारा चढ. वर चढायला वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे ३६० किलोचा जोर लागेल. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटरवर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.७५ मीटर. चढावर वजनाचा तोल मागे कलतो. किती? ३६० गुणिले ०.६५ भागिले २.७५, म्हणजे ८५ किलो. पुढे उरले ७६५, मागे झाले १०३५. पुढच्या चाकांनी चढायचं तर घर्षणांक हवा ३६० भागिले ७६५, म्हणजे ०.४७. मागच्या चाकांनी चढायचं तर ०.३५ पुरतो. कोरड्या डांबरावर ०.८च्या आसपास मिळतो, तिथे दोन्ही गाड्या आरामात चढतात. फरक पडतो तो चिखलात नि शेवाळावर.

ट्रॅक्शन कंट्रोलची जाहिरात जोरात असते. ते घुमणारं चाक आवरतं, म्हणून कामाचं आहेच. पण चाकावरचं वजन ते वाढवू शकत नाही.

मग कंपन्या पुढच्या चाकांकडे का वळल्या? इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांबलचक दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, जातो, वजन घटतं, तळ सपाट आणि खाली येतो. अमेरिकेत क्रायस्लरच्या १९८४च्या मिनीव्हॅननी हेच करून दाखवलं. आजीला चढता येईल अशी खाली असलेली पायरी ही लहान गोष्ट नाही.

आमच्या आजीला तर ती फारच आवडते. गेल्या गणपतीत तिला तिसऱ्या रांगेत बसवून कोकणात गेलो होतो. घराकडे जाणाऱ्या शेवटच्या चढावर लाल चिखल होता. पुढची चाकं जागच्या जागी घुमली, चिखल काचेपर्यंत उडाला. मामा म्हणाला, “सगळे उतरा.” मी म्हटलं, “थांब मामा, गाडी वळवून बघू.” खालच्या सपाटीवर गाडी फिरवली आणि रिव्हर्स टाकला. आता इंजिनाची बाजू उताराकडे, म्हणजे तेच ८५ किलो पुढच्या चाकांवर आले: ९३५. लागणारा घर्षणांक ०.३९ वर उतरला. मामा मागे उभा राहून हाताने दिशा दाखवत होता. चाकं एकदा किंचित सरकली, मग पकडली. गाडी हळूहळू वर आली आणि पाठमोरीच अंगणात शिरली, आजीसकट.