ब्रेक कॅलिपर : तपासणी व निगा

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडांच्या चिमटीत पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. लहान मोटारींत आणि बहुतेक मोटारसायकलींत तो सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. ब्रेक ऑइलच्या दाबाने तो आतला पॅड चकतीवर टेकवतो, आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर पिनांवरून मागे सरकून बाहेरचा पॅडही आवळतो. पिस्टनला परत आणणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित मुरडते आणि दाब सुटला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. म्हणून हे रबर कडक झाले किंवा पिन गंजली की ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ही तक्रार पावसाळ्यानंतर हमखास दिसते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि जांभ्या मातीचा लाल चिखल पिनांच्या फाटक्या रबरी टोप्यांतून आत शिरतो, तिथेच वाळतो, आणि पिन जाम होते. त्यानंतर चोर्ला, अनमोड किंवा चंदगडमार्गे आंबोलीचा घाट उतरायचा म्हणजे आधीच घासत असलेला ब्रेक आणखी तापवणे.

तपासणीची सुरुवात झिजलेल्या पॅडांपासून करावी. जुने पॅड टाकून देण्याआधी जोडीने शेजारी ठेवून पाहावेत. गॅरेजमध्ये घाईत नेमके हेच राहून जाते. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा जवळपास नवा असेल, तर पिन सरकत नाही किंवा पिस्टन मागे येत नाही. दोन्हींत फरक हातानेच कळतो: कॅलिपर पिनांवर मागेपुढे सरकवून पाहावा, मग पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश आत ढकलावा. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर बहुधा दोनपैकी एकच पिन अडकलेली असते. अशा वेळी नुसते पॅड बदलून गाडी परत देणे म्हणजे नव्या पॅडांचेही तेच हाल करणे. स्टीलची पाठ सोडून घर्षणाचा थर २-३ मिमी उरला की पॅड बदलावेत.

पिस्टन आत ढकलताना वर टाकीतले ऑइल चढते. ते सांडले तर रंग खाते. काही गाड्यांच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेक जोडलेला असतो. तिथे पिस्टन फिरवतच आत जातो, जोर लावला तर मोडतो. उतरवलेला कॅलिपर होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत सोडू नये, तारेने बांधावा.

पिना पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे पिवळे ग्रीस, पेट्रोल किंवा डिझेल या रबराला चालत नाही. रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. हा दोष काही आठवड्यांनी उघड होतो, म्हणून त्याचे खापर भलत्याच भागावर फुटते. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून भागत नाही. पिस्टन आणि सील किट बदलावे.

मोटारींची चकती सहसा बिडाची असते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ हाताशी असल्याने चाकोरी पडलेली चकती तासून घेण्याचा मोह होतो. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली मात्र जाऊ नये.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंश. घाटात ते कॅलिपरमध्ये उकळले की वाफ दबते आणि पेडल खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून कॅलिपरवरच्या निपलमधून हवा काढणे एवढ्यासाठीच आवश्यक आहे, आणि उतारावर खालचा गिअर ठेवणेही.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाल्याने डिस्क ब्रेक वाढले आणि खेड्यातल्या मेस्त्रीकडेही कॅलिपरचे काम वाढले आहे. मोठे ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांची ब्रेकव्यवस्था वेगळी असते.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. मग चार-पाच किलोमीटर सपाट रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक लावत जाऊन थांबावे आणि चारही रिमांजवळ हात न टेकवता धरावा. एकच चाक जास्त धगधगत असेल, तर तो कॅलिपर अजून मोकळा झालेला नाही.