येल–न्यू हेवन टीचर्स इन्स्टिट्यूट: शिक्षकांसाठी पात्रता, अर्ज आणि त्यानंतरची प्रक्रिया

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन शहरात येल विद्यापीठ आणि तेथील सार्वजनिक शाळा यांनी मिळून १९७८ मध्ये येल–न्यू हेवन टीचर्स इन्स्टिट्यूट सुरू केली. शाळेतील शिक्षकांनी विद्यापीठातील प्राध्यापकांच्या सेमिनारमध्ये एखाद्या विषयाचा सखोल अभ्यास करावा आणि त्या आधारे आपल्याच वर्गासाठी एक अभ्यासघटक स्वतः लिहावा, असे या कामाचे स्वरूप आहे. घटक प्राध्यापक लिहून देत नाहीत. विषयज्ञानाची बाजू ते सांभाळतात, परंतु वर्गात काय, किती आणि कसे शिकवायचे हे शिक्षकच ठरवतो, आणि अर्जाचा प्रत्येक भाग याच तत्त्वावर बेतलेला आहे.

प्रक्रियेची सुरुवात अर्जाच्या बऱ्याच आधी होते. शरद ऋतूत शाळाशाळांतील शिक्षक-प्रतिनिधी आपल्या सहकाऱ्यांना कोणत्या विषयांवर सेमिनार हवेत हे विचारतात, त्या मागण्या घेऊन इन्स्टिट्यूट योग्य प्राध्यापकांचा शोध घेते, आणि कोणते सेमिनार भरवायचे याचा निर्णय शिक्षक-प्रतिनिधींच्या हाती राहतो. वर्गात कशाची उणीव भासते हे शिकवणाऱ्याने सांगायचे आणि त्यानुसार विद्यापीठाने पुढे यायचे, हा क्रम मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

अर्जदार न्यू हेवनच्या सार्वजनिक शाळांत शिकवणारा असावा लागतो. निवडलेल्या सेमिनारशी आणि नियोजित घटकाशी थेट संबंध असलेला विषय किंवा इयत्ता पुढील शालेय वर्षात त्याच्याकडे असणेही आवश्यक आहे. सर्व बैठकांना तयारीनिशी हजर राहण्याची आणि लेखनाच्या मुदती पाळण्याची लेखी तयारी त्याने दाखवायची असते. त्या विषयातील पदवी मात्र मागितली जात नाही. ज्या विषयात आपला पाया कच्चा राहिला असे शिक्षकाला वाटते, त्याच विषयाच्या सेमिनारला त्याने बसावे, यात काहीही वावगे नाही.

कागदपत्रांची जंत्री लांबलचक नाही. आपण शिकवत असलेले विषय व इयत्ता, घटक कोणत्या वर्गात वापरणार याची माहिती आणि अटी मान्य असल्याचे निवेदन, हे अर्जात भरायचे असते. त्यासोबत एक छोटा निबंध जोडायचा असतो आणि खरी मेहनत तिथेच लागते. हाच सेमिनार का हवा आणि नियोजित घटकाचा आपल्या अध्यापनाला नेमका कोणता उपयोग होईल, हे त्यात लिहायचे असते. ‘माझे विषयज्ञान वाढावे म्हणून’ एवढ्यावर निबंध थांबला तर तो कोणत्याही शिक्षकाचा असू शकतो. समजा, सहावीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने लिहिले, की पाणी नितळ दिसले म्हणजे ते शुद्धच असते असे माझे विद्यार्थी धरून चालतात, जुन्या नळांमधून पाण्यात उतरणारे शिसे डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणून मला आधी त्यामागचे रसायनशास्त्र पक्के करून मग मुलांसाठी प्रयोग आखायचे आहेत. तर तिचा वर्ग, अडचण आणि घटक, तिन्ही वाचणाऱ्यापुढे उभे राहतात.

आलेल्या अर्जांचा विचार तीन बाजूंनी होतो. घटक शाळेच्या अभ्यासक्रमात बसतो का, हे मुख्याध्यापक व विषय-पर्यवेक्षक पाहतात; तो सेमिनारच्या विषयाशी जुळतो का, हे सेमिनार घेणारे प्राध्यापक पाहतात; आणि स्वतः शिक्षक असलेले समन्वयकही प्रत्येक अर्ज वाचतात. गट मुद्दाम लहान ठेवला जातो, कारण प्रत्येकाच्या मसुद्यावर बोलायला वेळ मिळायला हवा.

निवड झालेल्या शिक्षकाला फेलो म्हणतात. त्याची विद्यापीठ-परिवारात नोंद होते आणि ग्रंथालय त्याला खुले होते. मार्च ते जुलै या काळात सेमिनार चालतो. आधी घटकाचा आराखडा व वाचनसूची, मग पहिला मसुदा, दुसरा मसुदा आणि शेवटी पूर्ण घटक, अशा टप्प्यांनी लेखन पुढे सरकते आणि अधूनमधून प्राध्यापकाशी एकट्याने चर्चा होते. घटकात विषयाचे विवेचन, उद्दिष्टे, अध्यापनाच्या पद्धती, वर्गातील प्रत्यक्ष कृती आणि संदर्भसाहित्य यावे लागते. मानधन सेमिनार व घटक दोन्ही पूर्ण केल्यावरच मिळते, त्यामुळे मुदतींकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

न्यू हेवनबाहेरच्या शिक्षकांसाठी २००४ पासून येल नॅशनल इनिशिएटिव्ह आहे, पण तेही अमेरिकेतील सहभागी शाळा-जिल्ह्यांपुरतेच, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांपुरतेच. त्यात जुलैमध्ये येलच्या परिसरात दोन आठवडे राहून सलग अभ्यास करावा लागतो. महाराष्ट्रात शिकवणाऱ्यांना दोन्हींपैकी कशासाठीही अर्ज करता येत नाही. मात्र पूर्ण झालेले घटक इंटरनेटवर विनामूल्य प्रसिद्ध होतात आणि ते कोणालाही वाचता येतात. इंग्रजी वाचायची तयारी असेल, तर आपल्या इयत्तेचा एखादा घटक उघडून आधी त्यातील वर्गातल्या कृतींचा भाग वाचावा आणि मग विवेचनाकडे वळावे.